मदत हवी आहे: रील पोहोचते, पण पुढे फिरत नाही

बर्डीकर: नागपुरात सीताबर्डीतल्या मिठाईच्या दुकानासाठी संत्रा बर्फीची ३० सेकंदांची उभी इन्स्टाग्राम रील केली. बूस्ट (पैसे भरून जाहिरात) लावून रीच, म्हणजे बघणारे, ४०,००० आला, लाइक ९००, शेअर फक्त ३५. बूस्ट संपला की सगळं ठप्प. पैसे वाढवू की रील बदलू?

झिरोमाईल: पैसे नका वाढवू भाऊ. दर १०० बघणाऱ्यांमागे शेअरमधून नवे ५० मिळाले तर १,०००चे ५००, मग २५०, असं करत एकूण २,०००वर गाडं थांबतं. १००मागे ९० मिळाले तर तेच १०,०००वर जातं, आणि १००च्या वर गेलं की थांबतच नाही. बूस्टनं फक्त पहिला आकडा मोठा होतो. तुमचा शेअर हजाराला एकसुद्धा नाही, खरं दुखणं तिथं आहे.

२०१४च्या आइस बकेट चॅलेंजमध्ये बर्फाच्या पाण्याची बादली अंगावर ओतून घेणारा पुढच्यांची नावं घ्यायचा, वर २४ तासांची मुदत. म्हणजे दुसऱ्याकडे पाठवायची सोय त्या मोहिमेतच होती. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्यातून ११.५ कोटी डॉलर मिळाले. बर्फी छान दिसते म्हणून कोण कुणाला पाठवेल?

तर्रीपोहे: दुकानाची पाटी आणि लोगो रीलच्या शेवटी न्या. पहिल्या ३ सेकंदांत बर्फी मोडतानाचा क्लोजअप, त्यावर ठळक अक्षरांत: ‘नागपूरहून निघालेला डबा पुण्याला पोचेपर्यंत किती तुकडे उरतात?’ इथली आई पुण्यातल्या पोराला ही पाठवणारच, पोरगा रूममेटला. लांबी १५ सेकंद पुरे.

अक्षरं खाली ठेवू नका, तिथं अकाउंटचं नाव आणि कॅप्शन चढतं. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा मजकुरावरच कळलं पाहिजे. सिनेमाचं गाणं टाळा. बिझनेस अकाउंटवर गाण्याच्या हक्कांच्या भानगडीत आवाजच उडू शकतो. व्हॉट्सअॅपसाठी वेगळी फाइल ठेवा, इन्स्टाची लिंक फॅमिली ग्रुपात कोणी उघडत नाही.

बर्डीकर: म्हणजे बूस्ट नकोच?

झिरोमाईल: आधी एक दिवस बिनपैशाची चालू द्या. माझा ठोकताळा: हजाराला १० शेअर दिसले तरच पैसे लावा, आणि नागपूरसोबत पुणंही निवडा. कमी दिसले तर सुरुवातीचे ३ सेकंद बदलून नव्यानं टाका. आणि हो, पुण्याला पार्सल जातं का, हे कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत लिहा. नाहीतर कमेंटमध्ये दिवसभर तेच विचारतील.