जयप्रभा राखायचा म्हणजे नेमके काय राखायचे?

मंगळवार पेठकर (धागाकर्ता):
जयप्रभा या चित्रपट स्टुडिओची उरलेली जागा विकली गेल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, कोल्हापुरातील कलावंत आणि तंत्रज्ञ उपोषणाला बसले, आणि वारसा यादीत नाव असलेली वास्तूही व्यवहारातून सुटत नाही हे सगळ्यांना कळून चुकले. मूळच्या कोल्हापूर सिनेटोन या स्टुडिओचा चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी जयप्रभा केला. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत तो भस्मसात झाल्यावर त्यांनीच तो पुन्हा उभारला. माझे म्हणणे इतकेच आहे की चित्रीकरणाचे फ्लोअर, म्हणजे बंदिस्त दालने, आणि त्यांच्यापुढचे मोकळे आवार यांना हात लावू नये. कडेच्या जागेत मालकाला बांधकाम करू द्यावे आणि फ्लोअरवर जे बांधता येणार नाही, त्याच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), द्यावा.

हिशेबी:
आपली भावना समजते. परंतु आपणच सांगता त्याप्रमाणे मूळ वास्तू १९४८ मध्ये जळाली. मग जपायचे ते काय, पुन्हा बांधलेल्या भिंती? चित्रीकरण मोरेवाडीच्या चित्रनगरीत आणि प्रत्यक्ष स्थळांवर गेले आहे. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१७ च्या आगीनंतर तो पुन्हा उभारणे परवडणारे नाही असे खुद्द कपूर कुटुंबानेच सांगितले आणि २०१९ मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजकडे गेली. ज्यांचे बालपण तिथे गेले त्यांनाच जे पेलले नाही, ते जयप्रभाच्या मालकाने पेलावे असे आपण कोणत्या अधिकाराने म्हणतो?

मंगळवार पेठकर:
जळूनही पुन्हा उभारला, हाच तर त्या भिंतींचा इतिहास आहे. आर. के. चे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते, कारण तिथे निर्णयाचा भार एका कुटुंबावर पडला. उलट प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ पाहा. कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला गेली, पुढे बंद पडली, पण १९६० मध्ये त्याच आवारात सरकारने चित्रपट प्रशिक्षणाची संस्था काढली आणि जुन्या फ्लोअरवर विद्यार्थी काम करू लागले. ती वास्तू टिकली ती वापरात राहिल्यामुळे. केवळ वारसा म्हणून कुलूप लावले असते तर छपराचे पत्रे कधीच उडाले असते.

हिशेबी:
प्रभातला सरकार मिळाले, जयप्रभाला आपण टीडीआर देऊ पाहता. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीपासून ही सोय आहे, परंतु टीडीआरला किंमत येते ती तो विकत घेणारा बिल्डर असेल तर. कोल्हापुरात जमिनीची ओढ मुंबईसारखी नाही. मालकाच्या हाती कागद देऊन त्याने फ्लोअर डागडुजी करून सांभाळावा म्हणणे, याला मी संवर्धन म्हणणार नाही.

तराफेवाला:
मी अशा फ्लोअरवर दिवे लावण्याचे काम केले आहे. खांब नसलेली मोठी मोकळी जागा, उंच छत आणि वर दिव्यांसाठी बांधलेले तराफे, एवढ्यावरच फ्लोअर उभा असतो. वास्तुशोभा शोधणाऱ्याला तिथे काहीच दिसणार नाही. दर्शनी भिंत राखून आत सदनिका बांधल्या तर राखण्यासारखे जे होते तेच गेले. कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा, बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेरा स्तंभ आम्हाला वंदनीय आहे, पण त्याच्यासमोर हात जोडता येतात, चित्रीकरण करता येत नाही.

मंगळवार पेठकर:
टीडीआरबाबत हिशेबी यांचा आक्षेप मी मान्य करतो. तो एकटा पुरणार नाही. म्हणून मागणी दुरुस्त करतो: शासनाने मालकाला शहरातच तोलामोलाची पर्यायी जागा द्यावी, आणि फ्लोअरचे भाडे विद्यार्थी व लहान निर्माते यांना परवडेल असे ठेवण्याची अट करारात घालावी.

हिशेबी:
पर्यायी जागेला माझा विरोध नाही. मात्र देखभालीचा वार्षिक खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात पडणार, हे त्याच करारात लिहिलेले मला पाहायचे आहे.