पुश-अप्स: नक्की कुठला धरायचा, कुठला नाही?

हिंजवडी_फेज_३
वय ४१, वजन ८२ किलो, दिवसभर खुर्चीत. ऑफिसात फिटनेस चॅलेंज निघालंय, त्यात पुश-अप्सची स्पर्धा आहे. मी सलग तीसेक मारतो. मेव्हणा भरतीची तयारी करतोय. तो बघून म्हणाला, "दाजी, यातले दहा धरले तरी खूप झाले." वर उजवा खांदा पुढच्या बाजूने धरतोय. नेमकं कसं मारायचं? आणि ४० मारले की हार्ट अटॅकची भीती नाही, हा फॉरवर्ड खरा का?

गावठी_जिम
छाती जमिनीला लागली की झाला एक. बाकी सगळं यूट्यूबवाल्यांचं.

पीटीच्या_बाई
मेव्हणा बरोबर असणार :) शाळेत पीटी शिकवते, त्यामुळे पोरांच्या चोऱ्या पाठ आहेत. मान लोंबकळवून नाक टेकवायचं, छाती वरच. नाहीतर आधी कंबर पाडायची. सगळ्यात जास्त चालणारी चोरी म्हणजे वर येताना कोपर पूर्ण सरळच करायचं नाही. अर्ध्यातून परत खाली. आकडा भराभर वाढतो.

तळवे खांद्यांच्या रेषेत, थोडे बाहेर. कोपरं पंखांसारखी फाकवू नका, खांदा बहुतेक त्यानेच धरलाय. अंगापासून साधारण ४५ अंश ठेवा. पोट घट्ट आणि ढुंगण आवळलेलं. (वर्गात हा शब्द काढला की पाच मिनिटं खिदळणं चालतं, पण कंबर सरळ ठेवायला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.)

मोजायचं असेल तर असं करा: खाली जाऊन छाती टेकवायची, दोन्ही तळवे क्षणभर जमिनीवरून उचलायचे, परत टेकवून एकसंध वर यायचं. तळवे उचलले नाहीत तर तो धरायचा नाही. अमेरिकन आर्मीच्या चाचणीतही हा प्रकार आहे. यात खालच्या बाजूला चोरी करायला जागाच उरत नाही. वर कोपर पूर्ण सरळ झालं का, तेवढं मात्र बघावं लागतं.

खांदा दुखतोय तोवर मात्र जमिनीवर नकोच. साध्या पुश-अपमध्ये वजनाचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भार हातांवर येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत पन्नास किलोच्या वर. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून मारलात तर निम्म्याहून बराच कमी. ओटा आधी कोरडा पुसून घ्या. तिथे जमलं की पलंगाची कड, मग जमीन.

लाल_माती
बाई, यापेक्षा सरळ जोर मारायला सांगा की. आमच्या तालमीत पुश-अप कुणी विचारत नाही.

पीटीच्या_बाई
मी कोल्हापूरची, जोराला नावं ठेवणार नाही. पण जोरात कंबर मुद्दाम वर-खाली जाते, अंग नागासारखं पुढे सरकतं. व्यायाम उत्तम, फक्त दोन्हींची बेरीज एका आकड्यात करू नका.

आता तो फॉरवर्ड. अभ्यास खरा आहे, २०१९ चा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले अकराशेवर अग्निशामक जवान, सगळे पुरुष, दहा वर्षं पाहिले. ४० च्या वर मारणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण दहाही न जमणाऱ्यांपेक्षा खूपच कमी निघालं. पण ४० मारणारा गडी मुळातच अंगाने आटोपशीर, सिगारेटपासून लांब असायची शक्यता जास्त. पुश-अप्सनेच हृदय वाचलं, असं त्यातून निघत नाही. आणि त्यांनी मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) ठोक्यावर मारले होते, तुमच्यासारखे सुसाट नाहीत.

खेलो इंडियाच्या शालेय चाचणीतसुद्धा पुश-अप ही अनेकांतली एक गोष्ट आहे. सोबत ६०० मीटर, ५० मीटर, बसून पुढे वाकणं, कर्ल-अप, उंची-वजन असतं. छातीचा दम वेगळा आणि फुप्फुसाचा दम वेगळा. तुम्ही १२ मिनिटांत किती अंतर कापता ते मैदानावर बघा. ही १९६८ मधली कूपर चाचणी, अजून चालते. इतकी वर्षं बैठं काम आहे, तेव्हा पळायच्या आधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

हिंजवडी_फेज_३
धन्यवाद बाई. तळवे उचलायचा नियम एचआरला पाठवला. तिघांनी नावं मागे घेतली. ओट्यावर सुरू केलंय, फक्त कुकर लावायच्या वेळी हाकललं जातं.

पीटीच्या_बाई
नियमासोबत मोजणाराही दुसरा ठेवा, ज्याने त्याने आपले मोजले की आकडा फुगतोच. आणि दोन आठवड्यांत खांदा निवळला नाही तर स्पर्धा सोडा, ऑर्थोला दाखवा.