कथा लिहिण्यातला आनंद छापून येण्यात असतो?

रातकिडा: काल इथे एकाने लिहिलं, 'कथा छापून आली, वाचकांचे फोन आले, की चीज होतं. त्याआधीची सगळी हमालीच.' डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. माझ्या एका कथेतली सून सासूच्या तेराव्याला घर सोडणार होती. शेवट ठरलेला. लिहिताना तिने फळीवरची डबी उघडली, सासूचा चष्मा पदराने पुसला आणि परत ठेवला. पुढे तिला घराबाहेर काढताच येईना मला. पहाटेचे तीन वाजले होते. त्या कथेला एकही फोन आला नाही, तरी त्या रात्रीची सर कशालाच नाही.

सुमती: पात्रं मनाने वागतात हे ऐकून कान किटले. चष्मा तुम्हीच पुसलात! मला सुख मिळतं ते खाडाखोडीत. बावीस पानांची कथा चौथ्या खर्ड्यात नऊवर आली, तेव्हा कुठे ती माझी झाली.

रातकिडा: साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, अशा पाच दिवसांत लिहिली. कुठले चार खर्डे?

सुमती: त्या आठवणी त्यांच्या मनात लहानपणापासून घोळत होत्या. ते खर्डेच की.

वऱ्हाडकर: खाडाखोडीचं कौतुक मला सांगू नका. माझ्या कथेतली आजी म्हणते, 'काहून रे, जेवला नाई का आज?' एका दिवाळी अंकात छापून आलं, 'का रे, जेवला नाहीस का आज?' आजी गेल्यावर तिचा आवाज कागदावर उतरला, एवढ्यासाठीच मी लिहिलं होतं. तोच खोडला. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० सालची. तेव्हा वऱ्हाडी चालली, आता टोचते?

मुद्रितशोधक: सतरा वर्षं हे काम करतोय. लेखकच एका पानावर 'काहून' आणि पुढच्या पानावर 'का' लिहितात. गणपतीत मजकुराचा ढीग येतो, दसऱ्याच्या आत उरकायचा असतो. कुठलं मुद्दाम आणि कुठलं चुकून, आम्ही कसं ओळखायचं?

वऱ्हाडकर: विचारायचं! हस्तलिखितावर फोन नंबर होता. आणि 'दुरुस्ती' म्हणता त्याला? माझी आजी चुकीचं बोलत नव्हती.

मुद्रितशोधक: आवाज चढवू नका, तुमची कथा माझ्या हाताखालून गेलेली नाही. संवादातल्या बोलीला हात लावायला नको होता, एवढं मान्य. निवेदनाचं मात्र मान्य नाही.

वऱ्हाडकर: निवेदन काय पुण्यालाच आंदण दिलंय?

सुमती: अहो, विषय लिहिण्यातल्या आनंदाचा आहे.

वऱ्हाडकर: मी त्याचंच बोलतोय, ताई.

जुनी वही: 'हमाली' म्हणणारा मीच. अकरा वर्षं कथा कपाटात पडून होत्या. पहिली छापून आली आणि सांगलीहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, 'माझ्या वडिलांचं तुम्हाला कुणी सांगितलं?' पुढे रडूच लागल्या. आपण लिहितो ती कथा असते, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला तुमची पहाट, मला हा फोन.

रातकिडा: असा फोन आला असता तर मीही कदाचित तेच लिहिलं असतं. 'हमाली' हा शब्द मात्र मागे घ्या.

जुनी वही: घेतला.

वऱ्हाडकर: त्या कथेतले वडील कुठल्या बोलीत बोलतात?

जुनी वही: मिरजेकडच्या. संपादकांनी तीन शब्द बदलले होते. दोन भांडून परत लावून घेतले, तिसऱ्याला गप्प बसलो. ते अजून सलतं.