पत्रिकेवर ‘मुं. टा.’ म्हणजे काय?

प्राचीती: पणजीच्या लग्नाची पत्रिका सापडली. सन १९३१, वैशाख, गिरगाव. गोरज मुहूर्त ‘६ वा. २० मि. (मुं. टा.)’ असा छापलाय. ‘मुं. टा.’ म्हणजे मुंबई टाइम ना? तेव्हा मुंबईची वेळ वेगळी होती? पुण्याहून रेल्वेने येणारं वऱ्हाड कोणतं घड्याळ बघत असेल?

साचेखातं: हो, मुंबई टाइमच. ती आजच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे होती. तेवढी मिळवा, की आजचे ६ वाजून ५९ मिनिटं होतात. वैशाखात मुंबईत सूर्य साधारण तेव्हाच मावळतो, म्हणजे गोरज मुहूर्त बरोबर जुळतो. शहराचं घड्याळ शहराच्या सूर्यावर चालायचं.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशभर स्टँडर्ड टाइम, म्हणजे आजचीच प्रमाणवेळ, लागू केला. रेल्वे आणि तारखाती त्यावर चालली, त्यामुळे वऱ्हाडाची गाडी स्टँडर्डची आणि मांडव मुंबईचा. यजमान दोन्ही हिशोब डोक्यात ठेवूनच स्टेशनवर माणूस पाठवत असणार.

मुंबई नगरपालिकेने मात्र आपली वेळ सोडली नाही, थेट १९५५ पर्यंत. लोक याला मुंबईकरांचा हट्ट म्हणतात, ते मला पटत नाही. स्टँडर्ड टाइम येण्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ च्या ऑक्टोबरात, व्हाइसरॉय कर्झनने बंगालची फाळणी केली होती. स्वदेशीचं वारं होतं. अशा वेळी न विचारता घड्याळंही पुढे सरकवली, तर लोक गप्प कसे बसतील?

आणि नवी वेळ गिरणीत आली तेव्हा कामगारांचं काय झालं ते बघा. माझे आजोबा परळला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, म्हणजे जुन्या वेळेने साडेसहाला. भोंगा सहाचा धरला, तर जुन्या हिशोबाने उजाडायला अर्धा तास उरायचा. नव्या हिशोबाने सव्वा तास. घड्याळात आकडा तोच, पण झोपेतली ३९ मिनिटं गेली. उशीर झाला की खाडा. विजेचे दिवे आल्यापासून आधीच पाळ्या लांबल्या होत्या. पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा कायद्याने आली तीच १९११ साली. त्यात हे. १९०६ च्या त्या जानेवारीतच काही हजार कामगारांनी काम नाकारलं, गिरणीवर दगड मारले. इतिहासात याला दंगल म्हणतात. मी त्याला वेळेसाठीचा संप म्हणेन, आणि ठामपणे म्हणेन.

प्राचीती: हे माहीतच नव्हतं! घरात १९४३ ची आणखी एक पत्रिका आहे. तिलाही ३९ मिनिटंच मिळवायची का?

साचेखातं: थांबा, तिथे जपून. महायुद्धात, १९४२ ते ४५, स्टँडर्ड टाइम आणखी एक तास पुढे केला होता. पत्रिकेवर ‘स्टँ. टा.’ असेल तर आजच्या हिशोबाने एक तास वजा करा. कंसात काय छापलंय ते आधी बघा.

हुगळीकाठ: कलकत्त्याचीही स्वतःची वेळ होती, ती स्टँडर्डच्या साधारण २४ मिनिटं पुढे, १९४८ पर्यंत चालली. माझ्या आईच्या माहेरच्या कागदांत दोन्ही वेळा शेजारीशेजारी लिहिलेल्या आहेत.

प्राचीती: १९४३ च्या पत्रिकेवर कंसच नाही. नुसतं ‘सकाळी ९ वा. ४ मि.’

साचेखातं: मग त्या वर्षीचं पंचांग मिळवा आणि मुहूर्त ताडून बघा. तिथी आणि लग्नाचं गाव इथे टाकलंत, तर मीही बघतो.