मदत हवी आहे: बदलत्या लयीचा वाद्यट्रॅक, तिघे तीन ठिकाणी, आणि टेम्पो मॅप जुळत नाही

गिटारवेडा:
नमस्कार मंडळी. शब्दांविना चार मिनिटांचा एक प्रायोगिक ट्रॅक करतोय. गिटार आणि सिंथ (सिंथेसायझर) पुण्यात, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर. बेस गिटार न्यू जर्सीत, लॉजिक या तशाच सॉफ्टवेअरवर. तबला सांगलीत, हातातल्या रेकॉर्डरवर. तिथे ऐकायला फोन आणि हेडफोन. रचना अशी:

अ भाग: ७/८, ८ आवर्तनं, रूपक तालाच्या वजनाने ३+२+२. एट्थला (क्वार्टर म्हणजे पूर्ण ठोका, त्याचा अर्धा) एक मात्रा धरली आहे, मिनिटाला २१० मात्रा.
ब भाग: ५/४, ८ बार. अ मधल्या तीन मात्रा म्हणजे ब चा एक क्वार्टर, म्हणजे टेम्पो ७०. तबल्याला झपताल.
क भाग: ४/४, ४ बार. ७० वरून १०५ पर्यंत लय चढते आणि परत अ वर येतो. अशा चार फेऱ्या.

अडचणी:
१. बेस पहिल्या क पर्यंत चोख आहे. त्यानंतर साधारण दीडशे मिलिसेकंद मागे, दुसऱ्या क नंतर तीनशे, असं वाढत जातं. मिडी फाइलने (तिच्यात आवाज नसतो, फक्त सूर-लयीच्या सूचना) टेम्पो मॅप, म्हणजे कुठे किती लय याचा आराखडा, पाठवला तेव्हा चढ नीट गेलाच नाही, म्हणून त्यांनी तिकडे हाताने काढला: ७० ते १०५, १६ मात्रा, सरळ रेषेत.
२. तबला सुरुवातीला नेमका बसतो, पण हळूहळू सरकत शेवटी २० मिलिसेकंद पुढेमागे होतो.
३. ब भागात सगळे क्लिकवर (मोजणीच्या टिकटिकीवर) असूनही काहीतरी लंगडतं.
४. अ वरून ब वर जाताना तिघेही अडखळतात.
शिवाय, नेटवरून एकत्र लाइव्ह वाजवायचा काही मार्ग आहे का?

समेवर_या:
पहिल्याचं उत्तर तुमच्या दीडशेच्या आकड्यातच आहे. "७० ते १०५ सरळ रेषेत" याचे दोन अर्थ होतात. टेम्पो वेळेनुसार समान वाढवला तर सरासरी ८७.५ येते आणि १६ मात्रांना १०.९७ सेकंद लागतात. मात्रेनुसार समान वाढवला तर खालच्या लयीत जास्त वेळ जातो आणि त्याच १६ मात्रांना ११.१२ सेकंद लागतात. फरक १५० मिलिसेकंद, दर फेरीला तेवढाच. पडद्यावर दोघांची रेघ सारखीच दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही. बेसवाल्यांचा हात साफ आहे, त्यांना बोल लावू नका.

चढाची रेघ काढून टाका आणि पायऱ्या करा. पहिल्या मात्रेला ७१, मग प्रत्येक मात्रेला २.२ ने वाढ, सोळाव्या मात्रेला १०४. पुढच्या अ ला १०५. एकूण ११.१२ सेकंद. पायरीच्या आत टेम्पो स्थिर असल्यामुळे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उत्तर तेच येतं, आणि मिडी फाइलमध्येही पायऱ्या सुखरूप जातात. कानाला चढ गुळगुळीतच लागतो.

मिडी फाइलमध्ये टेम्पो कायम क्वार्टरचा लिहिलेला असतो. अ भागात २१० लिहून पाठवलंत तर समोरच्याकडे सगळं दुप्पट वेगाने पळेल. तिथे १०५ लिहा आणि बार ७/८ ठेवा.

आता मुख्य गोष्ट. टेम्पो मॅप ही सोय आहे, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे क्लिकची वेव्ह फाइल: पहिल्या सॅम्पलपासून (डिजिटल आवाजाचा सर्वांत लहान तुकडा) शेवटच्या समेपर्यंत (सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा), आधी दोन आवर्तनं मोजणी (१४ मात्रा, बरोब्बर ४ सेकंद). तिघांनी तीच एक फाइल शून्यावर ठेवायची आणि तिच्यावरच वाजवायचं. मॅप आणि फाइल यांच्यात वाद झाला तर मॅप दुरुस्त करायचा. मॅप बदलला की नवीन क्लिक फाइल, नावात नवा आवृत्ती क्रमांक, आणि जुनी फोल्डरमधून बाहेर. दोन आवृत्त्यांची क्लिक एकाच फोल्डरमध्ये राहिली की कोणीतरी हमखास जुनीवर वाजवतो.

केबलकाका:
तबल्याचं दुखणं वेगळं. बेसमध्ये ठरावीक जागी उडी आहे, तबल्यात हळूहळू घसरण आहे. उडी असेल तर मॅप तपासा, घसरण असेल तर घड्याळ. फोन स्वतःच्या घड्याळावर क्लिक वाजवतो, रेकॉर्डर स्वतःच्या घड्याळावर रेकॉर्ड करतो, आणि अशा दोन उपकरणांत दहा लाखात पन्नास-शंभर भागांचा फरक असणं नेहमीचं आहे. चार मिनिटांत वीस मिलिसेकंद त्यातच बसतात.

उत्तम उपाय म्हणजे तबलावाल्यांनी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारी पेटी) घेऊन त्याच यंत्रावर ऐकावं आणि रेकॉर्ड करावं. ते होईस्तोवर: मोजणी चालू असताना हेडफोनचा एक कान रेकॉर्डरच्या माइकजवळ धरायचा, म्हणजे दोन-तीन टिकटिकी रेकॉर्ड होतील. तुकडा संपल्यावर क्लिक फाइलच्या शेवटी मुद्दाम ठेवलेल्या तीन टिकटिकींनाही तसंच. मग पहिल्या आणि शेवटच्या टिकटिकीमधलं अंतर दोन्ही फाइलींत मोजा. मूळ २४०.००० आणि रेकॉर्डरवर २४०.०२० सेकंद भरलं तर त्या फाइलचा प्लेरेट (वाजण्याचा वेग) १.००००८३ करा. सूर राखण्याचा पर्याय बंद ठेवा. एवढ्याने सूर बदललेला कोणालाही कळणार नाही, पण तो पर्याय चालू राहिला तर चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ बोथट होतो.

बाकी नेहमीचे गुन्हेगार थोडक्यात:
ब्लूटूथ हेडफोन नको. उशीर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असतो. तारेचा, कान झाकणारा घ्या, नाहीतर क्लिक माइकमध्ये गळते.
सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली तर सुमारे ८.८ टक्के जलद आणि जवळपास दीड सेमीटोन वर जाते. हे लगेच कळतं, म्हणून फार भीती नाही.
एमपी३ वर काम करू नका. एन्कोडर आणि डीकोडर मिळून सुरुवातीला सुमारे ११०० सॅम्पल शांतता घालू शकतात, ४४.१ वर ती २५ मिलिसेकंद होते. ही चूक पटकन कळत नाही, म्हणून जास्त घातक. मोनो वेव्ह मिनिटाला ८.६४ एमबी होते, फ्लॅक (दर्जा न घटवता आवळलेली फाइल) केली तर बरीच कमी. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नाही.
इंटरफेस असलेल्या दोघांनी एकदा आउटपुटची केबल इनपुटला लावून क्लिक परत रेकॉर्ड करावी. जेवढी उशिरा येईल तेवढे सॅम्पल रेकॉर्डिंगच्या भरपाईच्या खान्यात भरावेत.

लाइव्हचं म्हणाल तर पुणे ते न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सरळ तार टाकली तरी एका बाजूने ६० मिलिसेकंदांच्या वर, आणि प्रत्यक्ष तार सरळ नसते. एकत्र लय धरायला पंचवीस-तीसच्या आत लागतं. पुणे-सांगली मात्र जमू शकतं: जॅमुलस किंवा सोनोबस (नेटवरून एकत्र वाजवायची सॉफ्टवेअरं), दोन्हीकडे वायफायऐवजी लॅनची केबल, बफर (एका वेळी साठवायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल (४८ वर २.७ मिलिसेकंद). तालीम तिथे करा, रेकॉर्डिंग आपापल्या जागी.

डग्गा_उजवीकडे:
३ आणि ४ हे यंत्राचे प्रश्न नाहीत.

ब भाग: झपताल दहा मात्रांचा. धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना. एट्थमध्ये मोजलं तर अर्धं पाचावर होतं आणि खाली (तालातली डग्ग्याशिवायची मोकळी जागा) सहाव्या मात्रेवर येते. बेसवाले ५/४ म्हटल्यावर ३+२ वाजवत असणार, म्हणजे एट्थमध्ये ६+४, आणि त्यांचं दुसरं वजन सातव्या मात्रेवर पडतं. तबला सहाव्यावर मोकळा होतो, बेस सातव्यावर पाय आपटतो. दोघंही क्लिकवर, आणि तुकडा लंगडा. क्वार्टरची क्लिक ही भानगड दाखवतच नाही, कारण सहावी मात्रा दोन टिकटिकींच्या मधोमध येते.

पहिल्या चार बारांत बेसचं वजन १ आणि ६ वर ठेवा. ऐकणाऱ्याला झपताल एकदा पटला की शेवटच्या चारांत बेस ६+४ ला जाऊ द्या, तेव्हा तेच लंगडणं मुद्दाम केलेलं वाटतं. तबलावाल्यांना झपताल सोडायला सांगून ६+४ वाजवायला लावू नका, ठेक्याची मजा जाते.

अ भागातही एक पाहा. रूपकाची सम खालीची आहे: ती ती ना । धी ना । धी ना. समेवर डग्गा नाही, तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर बोलतो. बेसने समेला भरीव सूर दिला आणि चौथी-सहावी मोकळी सोडली तर खालचे दोन आवाज एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत. मिक्समध्ये इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणं) घेऊन भांडण्यापेक्षा हे स्वस्त.

आता अ वरून ब. अ ची मात्रा २१०, झपतालाची १४०. तबलावाल्यांना ‘मेट्रिक मॉड्युलेशन’ वगैरे न सांगता एवढंच सांगा: अ ची चाल म्हणजे ब ची आड, दीडपट. त्यांना ती लगेच हातात येईल. बाकी दोघांसाठी नवा ठोका आधीच ऐकू आला पाहिजे, म्हणजे अ चालू असतानाच सिंथवर दर तीन मात्रांना एक बारीक टोला. पण तो पहिल्या समेपासून सुरू केलात तर गडबड होते: ८ आवर्तनं म्हणजे ५६ मात्रा, तिनाचे १८ गट आणि वर २ मात्रा उरतात. सगळे एक मात्रा आखूड पडून अडखळतात ते बहुधा यामुळेच. टोला तिसऱ्या आवर्तनाच्या समेपासून सुरू करा. पुढे ६ आवर्तनं, ४२ मात्रा, १४ गट, आणि पंधरावा टोला थेट ब च्या समेवर.

गिटारवेडा:
टोला पहिल्या समेपासूनच होता, अगदी बरोबर पकडलंत. पायऱ्यांचा मॅप आणि नवी क्लिक पाठवली, बेस आता चारही फेऱ्यांत बसतोय. दोन उपप्रश्न. अ च्या शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घालून ब च्या समेवर यायचं आहे, कशी मोजू? आणि क मध्ये प्रत्येक मात्रेला टेम्पो बदलल्यापासून गिटारचा टेम्पोशी बांधलेला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) दर मात्रेला ‘कुईं’ करतो.

डग्गा_उजवीकडे:
शेवटची चार आवर्तनं घ्या, म्हणजे पाचव्या आवर्तनाच्या समेपासून २८ मात्रा आणि २९ वी ब ची सम. तीन पल्ले (तीनदा येणारा तुकडा) आणि दोन दम (मधली थांबण्याची जागा) मिळून २९ व्हायला हवेत. पल्ला ९ दम १, पल्ला ७ दम ४, किंवा पल्ला ५ दम ७. तिन्ही समेवर येतात, पण तुमच्यासाठी तिसरी घ्या. तिच्यात प्रत्येक पल्ल्याचा शेवटचा धा बारा-बारा मात्रांवर येतो, म्हणजे नव्या लयीचे चार-चार ठोके, आणि तीनही धा सिंथच्या टोल्यावरच पडतात. तिहाई स्वतःच नवी लय सांगून जाते. पल्ला ९ घेतलात तर पहिले दोन धा टोल्याच्या आजूबाजूला पडतील. ऐकायला वाईट नाही, पण जोड जिथे आधीच कच्चा आहे तिथे नको. दम मात्र मोजूनच: सात मात्रा म्हणजे रूपकाचं एक पूर्ण आवर्तन, त्यात सिंथशिवाय कोणी काही वाजवू नये.

केबलकाका:
कुईंचं कारण असं की टेम्पो बदलला की डिलेची लांबी बदलते, आणि आत साठलेला आवाज ताणला किंवा आवळला जातो. डिले टेम्पोपासून सोडवा आणि मिलिसेकंद हाताने भरा. ब मध्ये ४२९, हा ७० च्या लयीतला एक एट्थ. अ मध्ये ८५७, म्हणजे तीन मात्रा, सिंथच्या टोल्याशी जुळणाऱ्या. हे दोन वेगळे डिले दोन वेगळ्या सेंडवर (इफेक्टकडे आवाज पाठवणारी वाट) ठेवा आणि क सुरू होताच ब चा सेंड बंद करा. प्लगइन चालूच ठेवा, म्हणजे शेपटी नैसर्गिक विरते. क कोरडाच राहू द्या, चढत्या लयीत डिले तसाही चिखल करतो.

मग गिटारच्या दोन फाइली काढा, एक कोरडी आणि एक फक्त डिलेची. दोन्ही शून्यापासून, आणि शेवटच्या समेनंतर दहा सेकंद शेपटी. बेसवाल्यांना ऐकायला दोन्ही द्या, पण वाजवताना डिलेची फाइल म्यूट करायला सांगा.