अवकाशात लेझर ठेवून लघुग्रह थोपवायचे का?

धागाकर्ता
१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जेमतेम २० मीटरचा दगड हवेत फुटला, लख्ख उजेड कसला पडला म्हणून लोक खिडकीशी गेले आणि मग मागून धक्का आला तो काचा घेऊनच, दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या फिलिप ल्युबिन आणि गॅरी ह्युजेस या संशोधकांनी डी-स्टार नावाची यंत्रणा मांडली. कक्षेत सोलर पॅनलवर चालणारे भरपूर लेझर, सगळ्यांचा मारा एका जागी, खडकाची वाफ उडायला लागली की तिच्याच रेट्याने दगड हळूहळू वाट सोडतो. आणि एरवी तीच यंत्रणा खाली वीज पाठवेल, वर ढग नाहीत, पावसाळा नाही. मला तर हे करायलाच हवं असं वाटतं.

वायरमन
साफ विरोध. मोठ्या दगडासाठी त्यांचा हिशोब १० किमी रुंद यंत्रणेचा आहे, आणि आपलं अख्खं स्पेस स्टेशन १०९ मीटर! शिवाय खडकाची वाफ करणारा लेझर खाली वळवला तर? १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारात कक्षेत अणुबॉम्ब ठेवायला बंदी आहे, लेझरचं नावही नाही. किल्ली कुणाच्या हातात देणार ते आधी सांगा.

धागाकर्ता
किल्लीचा मुद्दा मान्य, पण म्हणून छोट्यापासून सुरुवातही करायची नाही का? कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठाने २०२३ मध्ये कक्षेतून मायक्रोवेव्हने पाठवलेली ऊर्जा पासाडेनात छतावर टिपलीच ना, अगदी थोडी का असेना.

बुलढाणेकर
आम्ही लोणारच्या काठावर उभं राहून मोठे झालो, सुमारे १.८ किलोमीटरचं विवर, तेही काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं, त्यामुळे कुणी "कधी पडणार आहे दगड" म्हणालं की राग येतो. संरक्षण हवंच. पण लेझर नको, २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने नुसती धडक देऊन डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाची मोठ्या सोबत्याभोवतीची प्रदक्षिणा ३२ मिनिटांनी कमी केली, ते करून दाखवलेलं आहे.

धागाकर्ता
धडक एकदाच बसते हो, चुकली की संपलं. लेझर महिनोन्‌महिने ढकलत राहतो, कमीजास्त करता येतो.

वायरमन
अहो पण चेल्याबिन्स्कचा दगड सूर्याच्या बाजूने आला, कुणाला दिसलाच नाही, तिथे लेझर रोखणार कशावर? पैसा आधी दगडाच्या उष्णतेवरून तो शोधणाऱ्या इन्फ्रारेड दुर्बिणींना द्या.

धागाकर्ता
दुर्बीण आधी, हे पटलं. लेझर मात्र मी सोडत नाही.