विकार, विसंगती की घुसमट?

माझा मामेभाऊ जन्माच्या दाखल्यावर मुलगी आहे. त्याच्या मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी इंग्रजीत होती. मामी मराठीच वाचते, म्हणून मी ती मराठीत उतरवली आणि सवयीने 'लिंगओळख विकार' असं लिहून मोकळा झालो. मामीने 'विकार' या शब्दाखाली बोट ठेवलं. "अरे, मग गोळ्यांनी बरा होईल ना हा?" तेव्हापासून तो शब्द मला टोचतोय. दुसरा कोणता वापरावा?

प्रतिसाद: 'विकार'मध्ये वाईट काय? दही हा दुधाचा विकार, असं संस्कृतात म्हणतातच की. विकार म्हणजे बदल.

धागाकर्ता: संस्कृतात बरोबर. पण मराठी कानाला विकार म्हटलं की हृदयविकार, त्वचाविकारच आठवतो, नाहीतर 'विकारवश'. एक आजार, दुसरं पाप. मामी दह्यापर्यंत कशी पोचणार?

शिवाय ज्या इंग्रजी संज्ञेचं हे भाषांतर आहे, ती अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी स्वतःच सोडली. 1994च्या त्यांच्या निदानसूचीत 'विकार' होता. 2013मध्ये तो जाऊन 'डिस्फोरिया', म्हणजे तीव्र अस्वस्थता, आला. त्यामागचा विचार असा, की ओळख हा आजार नव्हे, तिच्यापायी जो त्रास होतो त्यावर उपचार करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या सूचीत आणखी पुढे जाऊन 'विसंगती' हा शब्द घेतला आणि ती नोंद मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. ही सूची 2019मध्ये मंजूर झाली, 2022पासून लागू आहे. नोंद साफ पुसली नाही, कारण नोंदच नसेल तर उपचार मिळणं अवघड होतं.

प्रतिसाद: पण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे पॉल मॅक्ह्यू यांच्यासारखे नावाजलेले मनोविकारतज्ज्ञ याला चुकीची समजूतच म्हणतात. मग सरळ 'भ्रम' का म्हणू नये?

धागाकर्ता: या शब्दावर मी बरेच दिवस विचार केलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मॅक्ह्यू अ‍ॅनोरेक्सियाचा दाखला देतात: हाडाचा सापळा झालेली मुलगी स्वतःला लठ्ठ समजते, तसंच हे. आपल्याकडे भ्रमाचं उदाहरण ठरलेलं आहे, दोरीला साप समजणं. दिवा आणला की साप जातो. त्या मुलीला आरशात जे दिसतं ते खरं नसतं, म्हणून तिथे भ्रम म्हणता येईल. माझ्या भावाला आरशात दोरी दोरीच दिसते. आपलं शरीर कसं आहे हे त्याला नको इतकं नेमकं ठाऊक आहे, त्रास त्याचाच आहे. दिवा आणून तिथे काय उजेड पडणार?

मॅक्ह्यू ज्याचा आधार घेत आले, तो 1979चा हॉपकिन्समधलाच अभ्यासही शब्दांच्या नजरेने वाचावा. शरीर मनातल्या ओळखीजवळ आणणाऱ्या शस्त्रक्रियेने 'वस्तुनिष्ठ फायदा' होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. हा फायदा मोजला कशाने? नोकरीचा दर्जा, अटक झाली का, मानसोपचार घ्यावे लागले का, आणि राहताय कोणाबरोबर. जोडीदार 'योग्य' लिंगाचा नसेल तर गुण कापले! माणूस समाधानी आहे, हे त्याच अहवालात म्हटलंय, पण ते व्यक्तिनिष्ठ म्हणून बाजूला. त्याच वर्षी तिथल्या शस्त्रक्रिया बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू व्हायला 2017 उजाडलं.

अल्पवयीन मुलांना कोणती औषधं कधी द्यावीत, यावर डॉक्टरांमध्ये खरा मतभेद आहे आणि तो पुराव्यांवर व्हायलाच हवा. पण तो उपचारांबद्दलचा प्रश्न आहे. 'भ्रम' म्हटलं की समोरच्याचं बोलणंच बाद होतं. मग चर्चा कोणाशी करायची?

प्रतिसाद: 'लिंग' शब्दाचं काय? त्यानेच निम्मा गोंधळ होतो.

धागाकर्ता: खरंय, शरीर आणि व्याकरण दोन्हीकडे तोच. म्हणून मनातल्या जाणिवेला 'लिंगभाव' म्हणावं. पण मूळ शब्द मला आवडतो. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, लिंग म्हणजे खूण: धूर हे अग्नीचं लिंग. सुईणीने वा डॉक्टरने खूण पाहिली आणि अनुमान केलं, मुलगी. अनुमान बहुतेकदा बरोबर येतं, कधी चुकतं. त्यामुळे 'जन्मतः मुलगी' यापेक्षा 'जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद' हे मला नेमकं वाटतं. 'लिंगबदल'ही मी टाळतो. भाव होता तोच आहे, शरीर त्याच्या जवळ आणायचं असतं.

प्रतिसाद: आणि डिस्फोरियाला?

धागाकर्ता: कागदावर 'लिंगभाव-अस्वस्थता' चालेल. पण भाऊ स्वतः 'घुसमट' म्हणतो. फोनवर कोणी "ताई" म्हटलं की ती होते, म्हणून तो फोनच उचलत नाही. 'अस्वस्थता' परीक्षेच्या आदल्या दिवशीही असते हो.

शेवटी मामीच्या कागदावर 'विकार' खोडून 'लिंगभाव विसंगती' लिहिलं. तिने वाचून विचारलं, "विसंगती? कशाची कशाशी?" मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "माझी, या आवाजाशी." मामी जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि तो औषधाने बदलतो?" हो, टेस्टोस्टेरॉनने आवाज खाली येतो, काही महिने लागतात, असं मी सांगितलं.

"किती महिने?" तिने विचारलं.